पंधरा वर्षांच्या गाडीची आरसी रिन्यू केली, ऑगस्ट ते ऑक्टोबर 2025, सातारा

आमच्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, परवा पोस्टानं घरी आली. तीन महिने डोक्यात हेच चालू होतं, म्हणून विसरायच्या आत सगळं लिहून ठेवतेय. 2010-11 च्या आसपास घेतलेल्या गाड्या अजून बऱ्याच जणांच्या दारात आहेत आणि त्यांची तारीख जवळ आलीय, त्यांना उपयोग होईल. मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, जो तो "एजंटला दे आणि मोकळी हो" एवढंच म्हणायचा.

गाडी म्हणजे छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-11, ब्याण्णव हजार किलोमीटर झालेली. 10 ऑगस्टला रविवारी इन्शुरन्सचे कागद काढायला फाइल उघडली, तेव्हा आरसीवरची तारीख नीट वाचली. 13/10/2025. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते हे ऐकून माहीत होतं पण आपल्या गाडीला पंधरा वर्षं झाली हे काही ध्यानात नव्हतं. पुढं चालवायची तर पाच वर्षांसाठी रिन्यू करावी लागते, आणि अर्ज तारखेच्या आधी साठ दिवसांच्या आत करता येतो. तारीख उलटली तर चारचाकीला दर महिन्याला 500 रुपये जादा. म्हणजे अगदी वेळेवर फाइल उघडली होती.

घरात पहिली चर्चा झाली ती विकायचीच. हे म्हणाले, साठ हजार येतील, त्यात भर घालून दुसरी सेकंडहँड बघू. मी म्हटलं, दुसऱ्याची दहा वर्षं वापरलेली गाडी घेण्यापेक्षा आपली पंधरा वर्षांची बरी, तिला कुठं काय लागलंय ते सगळं आपल्याला माहिती आहे. (हे बोलले खरं, पण सगळं माहिती नव्हतं, ते पुढं येईलच.)

त्याच दिवशी आरसीवर दुसरी गोष्ट दिसली. गाडीचं कर्ज 2015 मध्ये फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. तेव्हा बँकेनं एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा अर्ज) दिला होता, तो आम्ही फाइलमध्ये लावला आणि विसरलो. त्या एनओसीची मुदत तीन महिन्यांची असते. दहा वर्षांपूर्वीचा कागद चालणार नाही म्हटल्यावर 14 ऑगस्टला बँकेत गेले. कर्ज खातं जुनं, रेकॉर्ड दुसरीकडं ठेवलेलं, ते मागवायला लागणार, अर्ज द्या, फोन करू. फोन आला नाही. मी तीन वेळा गेले, तिसऱ्या वेळी कर्ज फिटल्याचं जुनं पत्र आणि त्या वेळच्या पासबुकाची झेरॉक्स सोबत नेली तेव्हा काम हललं. 8 सप्टेंबरला नवीन एनओसी आणि सही-शिक्का मारलेला फॉर्म 35 हातात. पंचवीस दिवस गेले यात. तुमचं कर्ज फिटलं असेल तर आजच आरसी काढून बघा बँकेचं नाव अजून आहे का, कारण ते काढल्याशिवाय पुढचं काही सरळ होत नाही.

मधल्या काळात जे झालं त्यानं सगळं बदललं, ते सांगते.

माझं माहेर चिपळूणचं. गणपतीला आम्ही दरवर्षी जातो, आदल्या दिवशी, म्हणजे यंदा 26 ऑगस्टला. उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. गाडी मी चालवत होते, हे शेजारी, मागं पोरगं आणि दोन पिशव्या. पाऊस संततधार, धुकं, पुढं एक भरलेला ट्रक, त्याच्या मागं मागं उतरताना माझा पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्याच्या वर घाट उतरला असेल, एका वळणावर ब्रेक दाबला तर पेडल खालीच गेलं. पूर्ण नाही, पण जिथं नेहमी गाडी थांबते तिथं काहीच नाही, ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. पटापट दोन-तीनदा दाबल्यावर थोडी धरली. मी गिअर तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर टाकला, इंजिन ओरडलं पण गाडी आवळली, मग पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती तिथं उभी केली. उतरून बघितलं तर पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. पोरगं विचारत होतं आई काय झालं, आणि माझे हात स्टीअरिंगवरनं सुटत नव्हते.

पाऊण तास तिथंच थांबलो, मागच्या चाकांना दगड लावून. मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला, त्यानं एकच सांगितलं, चाकावर पाणी मारू नका, आपसूक गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकूही शकते. गार झाल्यावर पेडल परत वर आलं. तिथनं घाटाखालच्या पोफळीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला नुसता हात लावल्यासारखा पाय लावत उतरलो. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून परत आलो, येताना चढ असल्यामुळं ब्रेकवर ताण नव्हता, तरी हे चाळीसच्या वर गेले नाहीत.

29 ऑगस्टला गोडोलीत आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीचं टोपण काढलं आणि मला जवळ बोलावलं. नवीन ब्रेक ऑइल फिक्कट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं असतं. आमचं कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं. "वैनी, कधी बदललंय ह्ये?" मला आठवेना. दरवर्षी सर्व्हिसिंग करत होतो, इंजिन ऑइल, फिल्टर, वॉशिंग सगळं, पण ब्रेक ऑइल फक्त लेव्हल बघून वर टाकलं जायचं.

मेस्त्रींनी जे समजावलं ते मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. पेडल दाबलं की हेच ऑइल चाकापर्यंत जोर नेतं, कारण द्रव दाबला जात नाही. घाटात सारखा ब्रेक लावला की पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. नवीन डॉट-3 ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पण ओलावा शोषलेलं 140 च्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही, आणि गार झाल्यावर वाफ जिरली की पेडल परत वर येतं, जणू काही झालंच नव्हतं. गावात चालवताना हे कधीच कळत नाही. "दोन वर्सं झाली की बदलायचं, किलोमीटर झालं नसलं तरी," ते म्हणाले.

गॅरेजमधली पोरं गणपतीला गावी गेलेली, त्यामुळं काम विसर्जनानंतर, 8 सप्टेंबरला सुरू झालं. (त्याच दिवशी बँकेचा कागद मिळाला.) तोपर्यंत गाडी दारात उभी, मी ऑफिसला मैत्रिणीच्या मागं बसून जात होते. मी मेस्त्रींना म्हटलं, आरटीओत पास होण्यापुरतं नको, घाट उतरायला चालेल असं करा. ते म्हणाले मग चाकं सगळी खोलतो, तुम्ही येऊन बघा. मी गेले, आणि तुम्हीही जा. फोनवर "ब्रेकचं काम निघालंय" ऐकणं वेगळं आणि झिजलेला पॅड हातात धरणं वेगळं. पुढच्या पॅडवर दोन-अडीच मिलिमीटर मटेरियल उरलेलं, नवीन पॅडशेजारी धरल्यावर त्याचा पाव भागच वाटला. मागच्या चाकाचा ड्रम काढला तर डाव्या बाजूचं व्हील सिलेंडर (ऑइलच्या जोरानं ब्रेकचे शू ड्रमवर दाबतं ते) पाझरत होतं, शू ऑइलनं ओले, वर धूळ चिकटून चिखल झालेला. म्हणजे मागचा डावा ब्रेक नावालाच होता.

शिवाय खाली जॅकवर घेतल्यावर लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश फाटलेले, एका बॉल जॉइंटला हलवलं की खटखट. खड्ड्यातनं जाताना जो आवाज यायचा तो मी डिकीतल्या सामानाचा समजत होते. पॅसेंजरच्या पायाखाली मॅटखालचा पत्रा गंजून तळहाताएवढा सडलेला. मागचा एक सीटबेल्ट ओढला की मध्येच अडकायचा, त्या सीटवर पोरगं बसतं आणि आम्ही कधी ओढूनच बघितला नव्हता.

बिल असं: पुढचे पॅड 1,150, मागचे शू 900, दोन्ही व्हील सिलेंडर 1,300, ब्रेक ऑइल 500, बुश आणि बॉल जॉइंट 1,800, वायपर 450, कुलंट 400, मजुरी 2,200. डेंटरकडनं पत्रा कापून नवीन बसवला त्याचे वेगळे 1,200. एकूण 9,900. सीटबेल्टमध्ये कचरा अडकला होता, तो साफ करून सुटला, त्याचे काही घेतले नाहीत. गाडी 13 तारखेला मिळाली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मी आत बसून पेडल दाबत होते, मेस्त्री खालून "दाबा... धरा... सोडा" म्हणत होते, आणि शेवटी चारही चाकांचं झाल्यावर पेडल वरच कडक झालं तेव्हा मला घाटानंतर पहिल्यांदा हायसं वाटलं.

आता टायर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या दोन टायरवर 1417, म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा. आठ वर्षं. नक्षी दिसत होती त्यामुळं आम्ही चांगले समजत होतो, पण बाजूला बारीक बारीक चिरा पडलेल्या, ऊन खाऊन रबर कडक झालेलं. उरलेले दोन गुळगुळीत व्हायला आलेले. खाचेत आत छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरवाल्यानं चारचे 14,000 सांगितले आणि स्वतःच म्हणाला, घाई नसेल तर घटस्थापनेनंतर या, 22 सप्टेंबरपासून जीएसटी 28 चा 18 होतोय. आम्ही तोवर गावाबाहेर न्यायची नाही असं ठरवलं. 23 तारखेला तेच चार टायर 12,900 ला बसले, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे 700. स्टेपनीत हवा भरून घ्यायला विसरू नका, आमची पार बसलेली होती. आणि किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं तिथं बघा, पंपावरचा पोरगा विचारतो "किती मारू?" तेव्हा अंदाजे पस्तीस सांगू नका. हवा टायर गार असताना बघायची.

पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र, 17 सप्टेंबरला केलं, 125 रुपये. पहिल्यांदा सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) जास्त दाखवला, आमच्या बीएस-3 (प्रदूषणाच्या जुन्या नियमांतल्या) गाडीला मर्यादा 0.5 टक्के आहे. मी घरातनं थेट दोन किलोमीटरवर नेली होती, इंजिन नीट तापलंच नव्हतं, एअर फिल्टरही घाण. फिल्टर बदलून वाढे फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आले आणि पास झाली. या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचं मिळतं.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, एचएसआरपी, 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे आणि ती नसेल तर आरटीओतली बरीच कामं अडतात. चारचाकीला 745 आणि वर जीएसटी, 879 रुपये. ऑनलाइन बुक करताना वेबसाइट सरकारी आहे का नीट बघा, शोधल्यावर सारख्याच दिसणाऱ्या बऱ्याच येतात, परिवहन विभागाच्या साइटवरूनच आत जा. आम्हाला 24 तारखेची वेळ मिळाली, बसवायला पंधरा मिनिटं.

ऑनलाइन अर्जाला मी सगळ्यात जास्त घाबरत होते आणि तो दोन संध्याकाळींत झाला. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर टाकला की ओटीपी येतो, पण तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. आमचा 2010 चा नंबर कधीच बंद झालेला. आधी मोबाइल बदलायचा वेगळा अर्ज, त्यात गेला एक दिवस. मग बँकेचं नाव काढायचा अर्ज, तो मंजूर झाल्यावर 25 सप्टेंबरला रिन्युअलचा, फॉर्म 25. फी 5,000 रुपये, पंधरा ते वीस वर्षांच्या चारचाकीला 2022 पासून हीच आहे. वर पर्यावरण कर, पेट्रोल गाडीला तेव्हा पाच वर्षांचे 3,000 होते (डिझेलला 3,500). स्मार्ट कार्डचे 200. पैसे भरताना पान अडकलं आणि खात्यातनं पैसे गेले पण पावती नाही, तेव्हा पोटात गोळा आला. परत भरू नका. पोर्टलवर पेमेंट तपासायची सोय आहे, मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पावती तयार होती.

दसरा 2 ऑक्टोबरला, गाडीला नवीन प्लेटवर झेंडूचा हार घातला. तपासणी 8 ऑक्टोबर, बुधवार.

सकाळी दहाला आरटीओत पोचले. सोबत जुनी आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, फी आणि कराच्या पावत्या, फॉर्म, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. गेटबाहेर एकानं विचारलं, मॅडम, साडेतीन हजारात सगळं करून देतो. मी नको म्हटलं कारण करायचं काही उरलंच नव्हतं. माझ्या पुढं अकरा गाड्या होत्या, उन्हात दीड तास. पाण्याची बाटली न्या.

चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा लागतो. आमच्या गाडीत तो नंबर बॉनेटच्या आत, काचेखालच्या पत्र्यावर आहे. मेस्त्रींनी आधीच वायर ब्रशनं घासून साफ करून ठेवला होता, म्हणून काम सोपं झालं. कागदाची पट्टी धरून वरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसं. शेजारच्या काकांच्या गाडीचा नंबर गंजाखाली गेलेला, एक अक्षर काही केल्या उमटेना, ते बिचारे घामाघूम झाले. मी माझ्याकडचा पॉलिश पेपरचा तुकडा दिला, हलक्या हातानं घासल्यावर आला.

निरीक्षक साहेबांनी गाडीभोवती फिरून बघितलं. हेडलाइट वर-खाली, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, टायर, सीटबेल्ट, प्लेट, चेसिस नंबर. मग रिव्हर्स टाका म्हणाले. रिव्हर्सचा दिवा लागला नाही. आदल्या रात्री आम्ही सगळे दिवे तपासले होते, हा मात्र राहिला. ते शांतपणे म्हणाले, बल्ब बदलून आणा, आज वेळ आहे. जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेले, साठ रुपये, पाऊण तासात परत. साहेबांनी नुसती मान हलवली आणि सही केली. एकूण तपासणी दहा मिनिटांची असेल. तिथं कुणी चाक खोलत नाही, त्यामुळं पाझरणारं सिलेंडर तिथं कुणाला दिसलं नसतं, माझ्या मनात सारखं तेच येत होतं.

15 ऑक्टोबरला सरकारी एमपरिवहन ॲपवर नवीन मुदत दिसायला लागली, 2030 पर्यंत. कार्ड येईपर्यंत ॲपमधली आरसी दाखवली तरी चालते.

भाऊबीजेला, 23 तारखेला, परत चिपळूण. घाटाच्या माथ्यावर मी गाडी थांबवली, दोन मिनिटं उतरले, मग दुसरा गिअर टाकला आणि खालपर्यंत तोच ठेवला. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे वडील सांगायचे, मी ऐकून सोडून दिलं होतं. वळणाआधी ब्रेक दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, सारखा टेकवून ठेवायचा नाही. त्या रुंद जागेपाशी पोरगं म्हणालं, आई इथंच ना? पेडल वरच कडक होतं.

कार्ड 29 ऑक्टोबरला स्पीड पोस्टानं आलं. हातात आल्यावर नाव, पत्ता, चेसिस आणि इंजिन नंबर जुन्या आरसीशी एकेक अक्षर लावून बघा, आम्ही बघितलं, बरोबर होतं, बँकेचं नावही गेलंय. हे सगळं मिळून तेहतीस हजारांच्या आसपास खर्च आला, त्यातले तेवीस-साडेतेवीस हजार गॅरेज आणि टायरचे. ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक छोटी वही ठेवलीय, त्यात पहिल्या पानावर लिहिलंय: पीयूसी 17 मार्च 2026 च्या आत, ब्रेक ऑइल सप्टेंबर 2027.